गुरुवारी येणारी मालन

नीलाने वडिलांना मरोळला आणलं तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. कुंभवण्याच्या घरात न्हाणीत पाय घसरून पडले, खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं, आणि त्यानंतर त्यांना एकट्याला तिथे ठेवणं शक्य नव्हतं. आई, रत्नप्रभा, जाऊन सहा वर्षं झाली होती. नीलाचा नवरा मुकुल चार वर्षांपूर्वी गेला होता. विमा कंपनीतून निवृत्त झालेली नीला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहायची. मुलगी श्रुतिका उपनगरातल्याच एका सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात डॉक्टर होती, तिथेच होस्टेलवर राहायची आणि पंधरा दिवसांतून एकदा झोप काढायला घरी यायची. त्यामुळे वडील आले याचा नीलाला खरं तर आधारच वाटला.

कुंभवणं म्हणजे कोकणातलं छोटं बाजाराचं गाव. खाडीच्या अलीकडे बाजारपेठ, पलीकडे वाड्या. तिथे एकोणपन्नास वर्षं एकच डॉक्टर होता, बाळ डॉक्टर. कागदावर डॉ. बाळकृष्ण राजाराम दळवी, पण तसं त्यांना कोणी म्हटलेलं नीलाने ऐकलं नाही. त्यांचे वडील राजाराम गावच्या जुन्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून मात्रांच्या खुणा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. डॉक्टर बदलत राहायचे, कोणी वर्षभर टिकायचा, कोणी एका पावसाळ्यातच पळायचा. शेवटी राजारामांनी ठरवलं की आपलाच मुलगा डॉक्टर करायचा, म्हणजे तो पळणार नाही. बाळ मुंबईत शिकला आणि बापाला दिलेल्या शब्दाप्रमाणे परत गेला. आधी सायकल, मग मोटारसायकल, खाडी आली की होडी. साप चावलेली माणसं, अडलेल्या बायका, माडावरून पडलेले गडी, सगळं त्यांनीच निस्तरलं. म्हातारपणी गावाने त्यांचा सत्कार केला तेव्हा मांडवात बसलेल्यांपैकी निम्मे लोक त्यांच्याच हातावर जन्मलेले होते.

नीला बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हा तीही डॉक्टर होणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिने नाही म्हटलं आणि कॉमर्सला गेली. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. वडिलांनीही विचारलं नाही.

पहिल्या गुरुवारी दुपारचे तीन वाजले होते. वडील हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते, नीला ओट्यावर चहाचं आधण ठेवत होती. बेल वाजली नाही. दाराबाहेरून हाक आली, अंगणात उभं राहून मारावी तशी.

"डॉक्टर घराक आसत काय गो?"

नीलाने दार उघडलं. बाहेर चोविसेक वर्षांची बाई उभी होती. नऊवारी लुगडं, कोपरापर्यंतची चोळी, पाय अनवाणी. तिच्याबरोबर एक वास आला, गोडसर, कुजलेल्या फळासारखा. बाई नीलाकडे बघत होती, पण नजर जरा खाली, नीलाच्या छातीच्या उंचीला लागलेली.

"झिलाक माझ्या सास घेवक जमना नाय," ती म्हणाली.

"बाबा घरात नाहीत," नीला म्हणाली.

हे शब्द तिने ठरवून उच्चारले नव्हते. ते तोंडातून गेले आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो. मागे चार पावलांवर वडील बसले होते. बाईने मान हलवली, वळली आणि जिना उतरून गेली. पायांचा आवाज आला नाही. नीला कठड्याला धरून खाली वाकून बघत राहिली. तीन मजल्यांचा जिना रिकामा होता.

ती आत आली तेव्हा वडिलांनी पेपर मांडीवर ठेवला होता. कोण होतं, असं त्यांनी विचारलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. चहाचं पाणी आटून भांडं काळं पडलं.

बाई कोण होती हे नीलाला त्याच क्षणी समजलं होतं. ती मालन होती. खाडीपलीकडच्या वरच्या वाडीतली. ती मरून पन्नास वर्षं होत आली होती.

तेव्हा नीला नऊ वर्षांची होती. गावात तापाची साथ होती आणि वडील तीन दिवस घरी धड जेवलेही नव्हते. त्या दिवशी, गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ते दुपारी परतले, चार घास खाल्ले आणि आतल्या खोलीत आडवे झाले. नीला ओटीवर सागरगोटे खेळत होती. त्यांनी आतून सांगितलं, कोणी आलं तर मी घरात नाही म्हणून सांग. थोड्या वेळाने मालन आली. श्वास कोंडलेल्या चार वर्षांच्या मुलाला घरी ठेवून, होडीने खाडी ओलांडून, धावत आली होती. नीलाने सांगितलेलं काम केलं. मालनने कधी येतील विचारलं, नीलाने माहीत नाही म्हणून सांगितलं. ती अर्धा तास अंगणात उभी राहिली, मग गेली. मुलगा दिवेलागणीच्या आधी गेला.

तेवढ्यावर संपलं असतं तर कदाचित नीला विसरलीही असती. पण पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला मालन पुन्हा अंगणात आली आणि तेच शब्द बोलली, जणू मुलगा अजून घरी तळमळतोय. नीला घाबरून आत पळाली. वडील आतच होते. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, सांग, नाहीत. तिने तसं सांगितलं. त्यानंतर दर गुरुवारी हे चालू राहिलं. आई त्या वेळी मागच्या परसात असायची, आणि असली तरी मधे पडायची नाही. वर्षभर, पाऊस असो की ऊन, मालन यायची, विचारायची, आणि नऊ वर्षांची नीला उंबऱ्यावर उभी राहून तेच उत्तर द्यायची. पुढच्या शिमग्यानंतर ती यायची बंद झाली. गेली म्हणाले. कशाने गेली ते कोणी नीट सांगितलं नाही.

बापलेक याबद्दल एकमेकांशी कधी चकार शब्द बोलले नव्हते.

दुसऱ्या गुरुवारी नीलाने ठरवलं की दार उघडायचंच नाही. तिने टीव्हीचा आवाज मोठा केला. तीन वाजता त्या आवाजाच्या वरून हाक स्पष्ट ऐकू आली आणि तिने खुर्चीत बसल्या जागेवरूनच, बंद दाराकडे बघत, "बाबा घरात नाहीत" असं म्हटलं. आवाज तिचा होता, पण बारीक. दाराच्या फटीतून तो गोड वास आत आला आणि संध्याकाळपर्यंत घरात रेंगाळला. तिने ओटा धुतला, कचऱ्याचा डबा उन्हात ठेवला, उदबत्ती लावली. वडील जेवले नाहीत.

तिसऱ्या गुरुवारी ती सरळ पळाली. पावणेतीनला वडिलांना बाजारात जाऊन येते म्हणून सांगितलं आणि समोरच्या महापालिकेच्या बागेत, बिल्डिंगचं फाटक दिसेल अशा बाकावर जाऊन बसली. आपण साठ वर्षांच्या बाईला शोभेल असं वागत नाही हे तिला कळत होतं. तिला इतकंच बघायचं होतं की कोण आत जातं. तीन वाजले. फाटकातून कुरियरवाला बाहेर आला, एक बाई मुलाला शाळेतून घेऊन आत गेली. लुगड्यातली कोणी दिसली नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिचे वडील बाहेर आले.

त्यांच्या डाव्या हातात जुनी चामड्याची बॅग होती, जी ते कुंभवण्याहून येताना सोडायला तयार नव्हते. काठी घेतली नव्हती. पडल्यापासून बाथरूमपर्यंत जाताना भिंतीला धरणारा माणूस ताठ चालत होता. उजवा हात किंचित पुढे आणि खाली, बोटं अर्धवट मिटलेली. लहान मुलाचा हात धरल्यासारखी.

नीलाने हाक मारली. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. ती रस्ता ओलांडेपर्यंत ते स्टॉपवर पोचले, आणि आरेतून जाणारी बस आली तशी पुढच्या दाराने वर चढले. ती कशीबशी मागच्या दाराने चढली. बसमध्ये उभे प्रवासी होते, गवताचे भारे घेतलेल्या बायका होत्या. पुढे वडील बसलेले दिसत होते. त्यांच्या शेजारची, खिडकीकडची जागा रिकामी होती आणि एवढ्या गर्दीत तिथे कोणी बसत नव्हतं.

कंडक्टर मागे आला तेव्हा तिने विचारलं की पुढचे ते आजोबा कुठे उतरणार आहेत. त्याने सांगितलं की त्यांनी जागेचं नाव सांगितलं नाही, ती उतरेल तिथे, असं म्हणाले. मग तिच्याकडे जरा निरखून बघत म्हणाला, "एक फुल, एक हाफ घेतलंय त्यांनी. हाफ कुणाचं विचारलं तर हसले नुसते."

नीलाला पुढे जाता आलं असतं, पण ती गेली नाही. तिने दांडा घट्ट धरला. बस आरेच्या रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंनी झाडं आली, ऊन तुटक झालं. मुंबई इथे एकदम मागे सरते. तबेल्यांच्या एका युनिटपाशी वडील उठले आणि उतरले. त्यांच्या मागोमाग तीही उतरली.

ते तबेल्यांच्या मागच्या पायवाटेने निघाले. शेणाचा आणि ओल्या पेंडीचा वास होता. नीला वीस पावलं मागे होती. एकदा ते थांबले, खाली बघून काहीतरी बोलले, आणि पुन्हा चालू लागले. पायवाट उतरून एका पाड्यावर गेली. बारा-पंधरा घरं, मधे हापसा, वाळत घातलेली भांडी. ते इकडेतिकडे न बघता शेवटच्या घरापाशी गेले आणि वाकून आत शिरले.

नीला दारात पोचली तेव्हा आत एक तरुण बाई भिंतीला टेकून बसली होती आणि या अनोळखी म्हाताऱ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती. तिच्या मांडीवर चारेक वर्षांची मुलगी होती. मुलीचा गळा दोन्ही बाजूंनी सुजून जबड्याच्या सरळ रेषेत आला होता. श्वासागणिक करवतीसारखा आवाज येत होता. आणि घरभर तो वास होता. गोडसर, कुजलेल्या फळासारखा.

वडील गुडघे टेकून बसले होते. त्यांनी बॅगेतून टॉर्च काढला, मुलीची हनुवटी अलगद वर केली आणि चमच्याने जीभ दाबून आत बघितलं. एवढ्याला पाच सेकंद लागले असतील.

"घटसर्प," ते म्हणाले. मग मागे न वळता, नीला तिथे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक असल्यासारखं, "श्रुतिकाला फोन लाव."

फोनवर श्रुतिकाला आधी काही उमजेना. आई, तुम्ही आरेत काय करताय, आजोबा बसने कसे गेले, हेच ती विचारत राहिली. मग वडिलांनी फोन घेतला. टॉन्सिलवर राखाडी पडदा आहे, कडेने रक्त येतंय, मानेला बैलासारखी सूज आहे, ताप फारसा नाही, नाडी फार जलद आहे, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

"आजोबा, मी हा पुस्तकातच बघितलाय," श्रुतिका म्हणाली.

"मी बघितलाय," ते म्हणाले. "पडदा कोणाला खरवडू देऊ नकोस. प्रतिविष मिळव. आज मिळव, उद्या नको."

मुलीचं नाव सपना होतं, आईचं नंदा. नंदाचा नवरा कामावर गेला होता. दोन दिवसांपूर्वी तिने मुलीला नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं होतं, घशाचं औषध मिळालं होतं. मुलीला लसीच्या सुया टोचायच्या राहून गेल्या होत्या, मधे दीड वर्ष ते डहाणूकडे नंदाच्या माहेरी होते. हे सगळं नंदाने नीलाला रिक्षात सांगितलं. आणखी एक गोष्ट तिने दोनदा विचारली, की तुम्हाला बोलवायला कोण आलं होतं. तिने कोणालाच पाठवलं नव्हतं.

श्रुतिकाने चार ठिकाणी फोन करून साथीच्या रोगांच्या इस्पितळातून प्रतिविष मिळवलं. त्या संध्याकाळी सपनाचा श्वास बंद पडत आला तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागली. तीन आठवडे ती वॉर्डात होती, त्यातले दहा दिवस तिच्या हृदयाचा भरवसा नव्हता. मग ती बरी झाली. पाड्यावरच्या बाकीच्या मुलांना लस दिली गेली, दोघांना औषधं सुरू झाली. आणखी दोन दिवसांनी सापडली असती तर काय झालं असतं, हे श्रुतिकाच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं.

त्या गुरुवारी रात्री घरी परतल्यावर वडील पलंगावर बसले आणि त्यांचं वय परत त्यांच्या अंगावर आलं. नीलाने त्यांचे मोजे काढले. खाली मान घालूनच तिने विचारलं, मालनबरोबर गेलात ना?

"कोण मालन?" ते म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. नीलाने वर बघितलं. मग हळूहळू ते बोलायला लागले. त्यांनी त्या बाईचं नाव कधी विचारलंच नव्हतं. चेहराही कधी बघितला नव्हता. ते आतल्या खोलीत असायचे, भिंतीकडे तोंड करून. त्यांना ऐकू यायचा तो फक्त नीलाचा आवाज, नऊ वर्षांचा, उंबऱ्यावरून येणारा. बाबा घरात नाहीत. गेले तीन गुरुवार त्यांना मरोळच्या या घरात तोच आवाज ऐकू येत होता.

"आज दारात तूच उभी होतीस," ते म्हणाले. "दोन वेण्या. परकर. मला म्हणालीस, बाबा, चला. मी हात धरला. तुझा हात गार होता."

नीला जमिनीवर बसून राहिली. तिला खूप काही विचारायचं होतं. पन्नास वर्षं साठलेलं एकच विचारून झालं.

"मला का सांगायला लावलंत?"

दमलो होतो, एवढंच ते पहिल्या दिवसाबद्दल म्हणाले. नंतरच्या गुरुवारांबद्दल म्हणाले, की मला तिच्यासमोर यायची लाज वाटायची, आणि तू लहान होतीस, तुला त्याचं काही कळत नसेल असं मी धरून चाललो. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

नीलाला वाटलं, हे आता मिटलं. एक मूल वेळेवर इस्पितळात पोचलं. पुढच्या गुरुवारी ती तीनच्या आधीच दार उघडं टाकून बसली. वडील आत झोपले होते. हाक आली.

मालन तशीच उभी होती, तीच नजर, तोच प्रश्न. नीला उठून दारापर्यंत गेली. जुने शब्द पुढे येत होते. ते मागे सारून ती म्हणाली, "आहेत. बाबा घरात आहेत. या, आत या."

मालनने पहिल्यांदा नजर वर केली आणि साठ वर्षांच्या नीलाकडे, तिच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती जरा बुचकळ्यात पडली होती, वाट चुकलेल्या माणसासारखी.

"आता कशाक?" ती म्हणाली.

आणि ती जिना उतरून गेली. पुन्हा आली नाही. नीला पुढचे कित्येक गुरुवार दार उघडं ठेवत होती.

वडील त्यानंतर सात महिने जगले. ते फार कमी बोलायचे. शेवटी शेवटी त्यांना एकच ध्यास लागला होता, त्या मुलाचं नाव काय होतं. नीलाने कुंभवण्याला चार ठिकाणी फोन केले, कोणाला सांगता आलं नाही. मूल शाळेच्या वयाचंही नव्हतं, कुठे नोंद असायचं कारण नव्हतं. नाव कळायच्या आधीच ते गेले, एका सकाळी, झोपेत.

दिवस झाल्यावर नीला गावी गेली. खाडीवर आता पूल आहे. वरच्या वाडीत विचारत विचारत ती मालनच्या धाकट्या भावाच्या घरी पोचली. तो सत्तरीचा होता, पडवीत बसून काथ्या वळत होता. तिने आपण कोण ते सांगितलं. त्याने तिला बसायला पाट दिला आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. मुलाचं नाव त्याला आठवत होतं. चंद्रप्रकाश. मालनने ते कुठेतरी ऐकून हौसेने ठेवलं होतं. एवढं मोठं नाव वाडीत कोणालाच बोलता येईना, म्हणून सगळे चंदू म्हणायचे, फक्त ती पूर्ण नावाने हाक मारायची.

नीला पाणी प्यायली. आलेलं काम झालं होतं. पण ती उठली नाही. तिने फुलपात्र खाली ठेवलं आणि म्हणाली, "त्या दिवशी बाबा घरात होते. मी खोटं बोलले."

म्हातारा काथ्या वळत राहिला. हातातला पेड पुरा झाला तेव्हा त्याने गाठ मारली.

"म्हायत आसा," तो म्हणाला. "डॉक्टरांची व्हाणां भायरच होती. तिना येताच बघलेली."